अधिक-उणे वाचायला शिकू या!

‘ध्रुवीकरण’ हा शब्द दिसला की तुम्ही काय करता? बहुतेक जण पान उलटतात, नाहीतर अंगठ्याने स्क्रीन पुढे ढकलतात. निवडणूक, मतांची गणितं, टीव्हीवरची आरडाओरड असं सगळं एका झटक्यात डोळ्यासमोर येतं आणि ‘नको रे बाबा’ होऊन जातं. आज या पानावर ध्रुवीकरणावरच लिहायचंय. पण थांबा, पान उलटू नका. इथे ना कुठला पक्ष आहे, ना कुठली यात्रा. इथे आहेत आकाशातून येणारे गॅमा किरण, आणि त्यांचं ध्रुवीकरण मोजायची धडपड. विज्ञानाच्या परिभाषेत याला ‘ध्रुवण’ असाही सुटसुटीत शब्द आहे. आपण तोच वापरू, म्हणजे गोंधळ नको.

आता तुम्ही म्हणाल, परीक्षा, प्लेसमेंट, लोकलची गर्दी यातून वेळ काढून आम्ही गॅमा किरणांचं ध्रुवण का वाचायचं? दोन कारणं आहेत. एक म्हणजे या विषयात आपल्या देशाने, त्यातही मुंबई-पुण्याच्या संस्थांनी, जगाने दखल घ्यावी असं काम केलंय आणि ते आपल्यातल्या फारच थोड्यांना माहितीये. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. आकडा कसा वाचायचा आणि त्याच्यावर कधी विश्वास ठेवायचा, हे शिकायला या विषयाइतकी चांगली शाळा सापडणं अवघड आहे.

राजाची आठ घरं

आधी थोडं विज्ञान, अगदी थोडंच. प्रकाश ही लहर आहे आणि तिच्यातलं विद्युतक्षेत्र प्रवासाच्या दिशेला आडवं थरथरत असतं. साध्या बल्बच्या प्रकाशात ही थरथर सगळ्या दिशांना विखुरलेली असते. पण रस्त्यावरून किंवा पाण्यावरून परावर्तित झालेल्या प्रकाशात ती बऱ्यापैकी एकाच रेषेत येते. असा प्रकाश म्हणजे ध्रुवित प्रकाश. पोलराइज्ड गॉगल घातला की गाडी चालवताना समोरची चकाकी मरते, ती यामुळेच. गॉगल एका रेषेतली थरथर अडवतो, दुसरी आत सोडतो.

गॅमा किरण हे प्रकाशाचेच भाऊबंद, पण भलतेच तापट. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या एका कणाची, म्हणजे फोटॉनची, ऊर्जा असते दोन-तीन इलेक्ट्रॉन व्होल्ट. आपण ज्या फोटॉनबद्दल बोलतोय त्यांची ऊर्जा लाख इलेक्ट्रॉन व्होल्टच्या वर असते. इतक्या ऊर्जेच्या फोटॉनपुढे गॉगलचं काही चालत नाही. शिवाय पृथ्वीचं वातावरण हे किरण खाली येऊच देत नाही. आपल्या तब्येतीसाठी हे उत्तमच, पण खगोलशास्त्रज्ञांसाठी अडचण. म्हणून दुर्बीण अंतराळात न्यावी लागते आणि गॉगलऐवजी दुसरी युक्ती करावी लागते.

ती युक्ती अशी. गॅमा किरणाचा फोटॉन एखाद्या इलेक्ट्रॉनवर आदळला की दिशा बदलून उडतो. कुठे उडेल हे नशिबावर असतं, पण नशीब पूर्ण आंधळं नसतं. स्वतःच्या थरथरीला काटकोनात असलेल्या दिशेकडे जायला तो जास्त राजी असतो. म्हणजे सगळे फोटॉन उभे थरथरत आले, तर वर-खाली उडणाऱ्यांपेक्षा डावी-उजवीकडे उडणारे जास्त निघतील. मग फक्त मोजायचं, कुठल्या बाजूला किती गेले.

भारताच्या ‘अॅस्ट्रोसॅट’ या उपग्रहावर हेच करणारं एक उपकरण आहे, ‘सीझेडटीआय’. कॅडमियम, झिंक आणि टेल्युरियम यांच्या स्फटिकांच्या ६४ चौकोनी फरशा, प्रत्येक फरशीवर २५६ चौकटी, म्हणजे एकूण १६,३८४. एकेक चौकट जेमतेम अडीच मिलिमीटरची. सगळं मिळून क्षेत्रफळ साधारण दीड ए-फोर कागदाएवढं. बुद्धिबळाचा पट डोळ्यासमोर आणा. फोटॉन एका घरात आदळतो, उडून शेजारच्या घरात शोषला जातो. दोन्ही घरांत जवळजवळ एकाच क्षणी नोंद होते. पटावरच्या राजाला जायला जशी आठ घरं, तशीच या फोटॉनलाही आठ. कोणत्या घरात जास्त गेले, कोणत्या कमी, या आठ आकड्यांमध्ये ध्रुवण लपलेलं असतं.

आणि ते मोजून मिळतं काय? तर दूरवरच्या त्या जागेचा नकाशा, जो कुठल्याच फोटोत दिसत नाही. क्रॅब तेजोमेघाच्या पोटातला न्यूट्रॉन तारा जेमतेम वीसेक किलोमीटर रुंद, सेकंदाला सुमारे ३० गिरक्या घेणारा, आणि आपल्यापासून साधारण साडेसहा हजार प्रकाशवर्षं दूर. ज्या स्फोटातून तो जन्मला, तो स्फोट चिनी निरीक्षकांनी १०५४ साली नोंदवून ठेवलाय. किती झूम करणार? त्याच्या भोवतालचं चुंबकीय क्षेत्र कुठल्या दिशेला आहे, गॅमा किरण नेमके कुठल्या भागातून निघतात, हे ध्रुवणच सांगू शकतं.

छापा, काटा आणि फसवणूक

इथपर्यंत सगळं छान वाटतं. आता गोम ऐका.

एक नाणं दहा वेळा उडवा. सात वेळा छापा आला, तर नाणं खोटं म्हणाल? नाही म्हणणार. असं होतंच. पण हजार वेळा उडवून सातशे छापे आले, तर मात्र नाण्यात काहीतरी घोटाळा आहे हे नक्की. टक्केवारी दोन्हीकडे सत्तरच. फरक आहे तो किती वेळा उडवलं याचा.

गॅमा किरणांच्या जगात फोटॉन फार कमी मिळतात आणि त्यातले शेजारच्या घरात उडी मारणारे त्याहूनही कमी. त्यात आणखी एक चकवा आहे. दहा वेळा नाणं उडवून बरोबर पाच-पाच येणं हे तसं कमीच वेळा घडतं. काही ना काही फरक निघतोच, आणि हा फरक शून्याच्या खाली जाऊच शकत नाही. ध्रुवणाचंही तसंच. किरण अजिबात ध्रुवित नसले तरी थोड्या फोटॉनवर मोजलं तर काहीतरी ध्रुवण ‘दिसतं’च. ज्याला ते बघायचंच आहे, त्याला हमखास दिसतं.

म्हणून या विषयात कुठलाही आकडा एकटा येत नाही. त्याच्या शेपटीला ± हे चिन्ह असतं. अधिक-उणे. २००८ मध्ये युरोपच्या ‘इंटिग्रल’ उपग्रहाच्या नोंदींवरून क्रॅबच्या गॅमा किरणांचं ध्रुवण जाहीर झालं, ते होतं ४६ ± १० टक्के. अॅस्ट्रोसॅटच्या शास्त्रज्ञांनी नंतर काढलेला आकडा साधारण ३३ ± ६ टक्के. नुसते ४६ आणि ३३ शेजारी ठेवले तर लगेच हेडलाइन होईल, ‘भारताने युरोपला खोटं ठरवलं’. पण शेपटी वाचा. ४६ मधून १० वजा केले की ३६, ३३ मध्ये ६ मिळवले की ३९. दोन्ही पट्टे एकमेकांवर येतात. शिवाय दोघांनी मोजलेली ऊर्जा आणि निवडलेला काळ तंतोतंत सारखा नव्हता. म्हणजे इथे भांडण नाहीच.

ऐंशी टक्क्यांचं काय झालं?

मग ± लिहिलं की काम झालं का? नाही. हे समजायला २००३ मध्ये जाऊ या.

६ डिसेंबर २००२ रोजी एक जबरदस्त गॅमा किरण स्फोट झाला. हे स्फोट म्हणजे प्रचंड ताऱ्यांचा शेवट किंवा दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर. काही सेकंदांचा खेळ, पण तेवढ्यात आकाशातल्या सगळ्या गॅमा स्रोतांना झाकोळून टाकणारा. तारखेवरून त्याचं नाव पडलं ‘जीआरबी ०२१२०६’. नासाचा ‘रेसी’ हा उपग्रह तेव्हा सूर्याकडे बघत होता. त्याचं कामच सूर्य. पण स्फोट आकाशात सूर्याच्या जवळच दिसला आणि रेसीत नोंदला गेला. कोबर्न आणि बॉग्ज या दोन शास्त्रज्ञांनी त्या नोंदींमधून ध्रुवण काढलं, ८० ± २० टक्के. मे २००३ मध्ये ‘नेचर’मध्ये लेख आला आणि खळबळ उडाली. इतकं जास्त ध्रुवण म्हणजे स्फोटाच्या झोतात अतिशय शिस्तबद्ध चुंबकीय क्षेत्र असणार, असा त्याचा अर्थ होता.

मग रटलेज आणि फॉक्स या दोघांनी तीच कच्ची नोंद उघडली आणि पहिल्यापासून मोजलं. पहिल्या लेखात उडी मारलेले म्हणून जवळपास दहा हजार फोटॉन धरले होते. यांच्या हिशेबात ते हजाराहूनही कमी निघाले. बाकीच्या बऱ्याच नोंदी म्हणजे योगायोगाने एकाच वेळी आलेले दोन वेगवेगळे फोटॉन. उरलेल्या फोटॉनमधून ध्रुवण आहे की नाही हे ठरवताच येत नव्हतं. आणखी एका गटाने स्वतंत्रपणे तपासलं, त्यांनाही ते ठामपणे सापडलं नाही.

लक्षात घ्या, त्या ८० च्या शेपटीला ± २० होतं. तरीही घात झाला. कारण ± फक्त एवढंच सांगतं की मोजणी बरोबर असेल तर आकडा किती इकडेतिकडे होऊ शकतो. मोजायला घेतलेलं सामानच चुकीचं असेल तर ± काय करणार? ती चूक पकडायला लागतो दुसरा माणूस, आणि त्या दुसऱ्या माणसाच्या हातात तोच कच्चा डेटा. इथे तो सगळ्यांसाठी खुला होता, म्हणून दुरुस्ती झाली. कुलूपबंद असता, तर ते ८० टक्के आजही पाठ्यपुस्तकात मिरवत असते.

आपल्या अॅस्ट्रोसॅटची गोष्ट

हा धडा पुढच्यांनी घेतला, हे आपल्याकडच्या कामात दिसतं. अॅस्ट्रोसॅट २८ सप्टेंबर २०१५ ला श्रीहरिकोट्याहून उडाला. सीझेडटीआय उभारण्यात मुंबईची टीआयएफआर, अहमदाबादची पीआरएल, पुण्याची आयुका आणि इस्रोची केंद्रं यांचा हात आहे. उपकरणाकडून येणाऱ्या नोंदींवर प्रक्रिया करायचं केंद्र आयुकात, पुणे विद्यापीठाच्या आवारात आहे. रोज त्या गेटवरून जाणाऱ्या कितीतरी जणांना हे ठाऊक नसेल.

हे उपकरण मुळात ध्रुवण मोजायला म्हणून बनलं नव्हतं. पण रेसीच्या गोष्टीत आणि इथे एक मोठा फरक आहे. फोटॉन शेजारच्या घरात उडी मारतो आणि ती पकडता येते, हे आपल्या मंडळींनी उड्डाणाआधीच जमिनीवर, ध्रुवण माहीत असलेल्या किरणांवर तपासून ठेवलं होतं. आणि मग घाई केली नाही. क्रॅबकडे टप्प्याटप्प्याने, एकूण सुमारे आठ लाख सेकंद बघितलं. म्हणजे नऊ दिवसांहून जास्त, एकाच तारकेसाठी. त्यानंतरच २०१७ मध्ये तो ३३ टक्क्यांचा आकडा ‘नेचर अॅस्ट्रॉनॉमी’मध्ये आला. सोबत एक कोडंही आलं. ताऱ्याचा झोत आपल्या दिशेला नसतो त्या काळातच ध्रुवण झपाट्याने बदलताना दिसलं. ताऱ्याच्या वागण्याची जी गणितं मांडली गेली होती, त्यांना हे सहज पचणारं नव्हतं.

गॅमा किरण स्फोटांच्या बाबतीत तर खरी परीक्षा झाली. २०१९ मध्ये सीझेडटीआयच्या पहिल्या वर्षातल्या ११ स्फोटांचा अभ्यास आला आणि त्यातल्या बऱ्याच स्फोटांत ध्रुवण भरपूर असल्याचं दिसलं. त्याच वर्षी चीनच्या तियांगाँग-२ या अंतराळ प्रयोगशाळेवरच्या ‘पोलर’ उपकरणाने पाच स्फोटांची सरासरी दिली, सुमारे १० टक्के. आता हे दोन्ही खरं कसं असेल? सोशल मीडियावर असतं तर दोन कंपू पडले असते आणि शेवटी राष्ट्रभक्तीवर गाडी आली असती. इथे काय झालं? आपल्या गटाने आणखी स्फोट जमवले, पद्धत सुधारली, ऊर्जेचा पट्टा वाढवला आणि २०२२ मध्ये पाच वर्षांतल्या २० तेजस्वी स्फोटांची यादी दिली. त्यांचा निष्कर्ष होता की बहुतेक स्फोटांत एकूण ध्रुवण कमी किंवा नगण्यच आहे, थोड्याच स्फोटांत ते जास्त आहे. म्हणजे त्यांनी स्वतःचंच आधीचं चित्र बदललं. कुणी कोर्टात खेचलं म्हणून नाही, फोटॉन वाढले म्हणून.

दरम्यान आणखी एक धागा हाती लागला होता. २१ ऑगस्ट २०१६ च्या स्फोटात ध्रुवणाची दिशा स्फोट चालू असतानाच दोनदा, जवळजवळ काटकोनात, वळल्याचं सीझेडटीआयच्या नोंदींत दिसलं. आता विचार करा. दिशा अशी फिरत असेल आणि तुम्ही संपूर्ण स्फोटाची एकच सरासरी काढलीत, तर उभं आणि आडवं एकमेकांना खाऊन टाकणार आणि उत्तर येणार ‘ध्रुवण नाही’. सरासरीने खरी गोष्ट झाकली जाऊ शकते. मग स्फोटाचे बारीक तुकडे करून प्रत्येकाचं ध्रुवण मोजायला हवं. पण तुकडे केले की प्रत्येक तुकड्यात फोटॉन कमी, आणि आपण परत दहा वेळा उडवलेल्या नाण्यापाशी.

मग हवं काय?

यातून सुटायचा एकच मार्ग आहे. मोठं उपकरण आणि न थांबता पहारा. आमचं म्हणणं इथे स्पष्ट आहे. पाच वर्षांसाठी बनवलेल्या अॅस्ट्रोसॅटने २०२५ मध्ये दहा वर्षं पूर्ण केली. त्याने पकडलेल्या स्फोटांची संख्या पाचशेच्या पुढे गेलीये. पण कुठलंही यंत्र अमर नसतं. इंटिग्रलनेही २०२५ मध्ये निरीक्षणं थांबवली. त्याच्या जागी आपल्याकडे काय येणार?

कुणी म्हणेल, ‘एक्सपोसॅट’ आहे की! १ जानेवारी २०२४ ला उडालेला हा उपग्रह ध्रुवणासाठीच आहे, बरोबर. पण त्यावरचं ‘पोलिक्स’ हे उपकरण ८ ते ३० हजार इलेक्ट्रॉन व्होल्टचे क्ष-किरण बघतं आणि एका ठरलेल्या तेजस्वी स्रोताकडे दीर्घकाळ टक लावून बसतं. आकाशाच्या कुठल्याही कोपऱ्यात अचानक होणाऱ्या आणि काही सेकंदांत संपणाऱ्या गॅमा स्फोटांसाठी वेगळा पहारेकरी लागतो.

त्याचा आराखडा तयार आहे. ‘दक्ष’ असं त्याचं नाव. आयआयटी मुंबईच्या नेतृत्वाखाली टीआयएफआर, आयुका, पीआरएल आणि बेंगळुरूची रामन संशोधन संस्था यांनी मिळून मांडलेला हा प्रस्ताव. पृथ्वीच्या दोन विरुद्ध बाजूंना दोन उपग्रह, म्हणजे आकाशाचा कुठलाच कोपरा नजरेआड नाही. सीझेडटीआयने जे शिकवलं तेच पुढे नेणारं हे काम आहे. नासा ‘कोसी’ ही गॅमा दुर्बीण २०२७ मध्ये सोडण्याच्या तयारीत आहे. चीनच्या अंतराळ स्थानकावर ‘पोलर-२’ बसवायचं नियोजन आहे. आपल्याकडे अनुभव आहे, माणसं आहेत, आराखडा आहे. हवाय तो निर्णय. तो लांबला तर अॅस्ट्रोसॅटवर तयार झालेली तरुण मंडळी दुसऱ्यांच्या उपकरणांकडे वळतील, आणि त्यांना दोष देता येणार नाही. हो म्हणायचं असेल तर लवकर म्हणा, नाही म्हणायचं असेल तर कारण सांगा. एवढी अपेक्षा जास्त नाही.

आणि तुम्ही-आम्ही काय करायचं? सायन्सवाल्यांसाठी तर दार उघडंच आहे. अॅस्ट्रोसॅटच्या जुन्या नोंदी इस्रोच्या संकेतस्थळावर खुल्या आहेत. लॅपटॉप, थोडं पायथन आणि बराच धीर असेल तर तुम्हीही त्या चाळू शकता. रटलेज आणि फॉक्स यांनी दुसरं काय केलं होतं?

बाकीच्यांसाठीही काम आहे, विशेषतः माझ्यासारख्या बातमीच्या धंद्यात येऊ पाहणाऱ्यांसाठी. एक्झिट पोल असो, ‘अमुक टक्के तरुणांना असं वाटतं’ छापाचा सर्व्हे असो, नाहीतर गुण वाढवणाऱ्या पावडरची जाहिरात. आकडा दिसला की तीन प्रश्न विचारा. किती जणांना मोजलं? अधिक-उणे किती? आणि कच्ची नोंद दुसऱ्या कुणाला तपासता येते का? बातमी लिहिणाऱ्याने हे तीन प्रश्न आधी स्वतःला विचारावेत आणि उत्तरं बातमीतच द्यावीत. जागा कमी पडली तर एखादं विशेषण काढा, पण ± ठेवा.

साडेसहा हजार प्रकाशवर्षं दूरच्या ताऱ्याबद्दल बोलताना शास्त्रज्ञ ‘३३ ± ६’ म्हणतात. आपल्या गल्लीतल्या मतांबद्दल बोलताना मात्र आपण बिनधास्त ‘शंभर टक्के’ म्हणतो. पुढच्या वेळी ‘शंभर टक्के’ ओठांवर आलं, की आधी विचारा, आपण नाणं उडवलं किती वेळा?